भितवाल्या मॅडम

नसीमा शेख मॅडमना लग्नाची पत्रिका द्यायला गेलं की त्या आधी पाकीट उजेडात धरून बघायच्या. कागद जाड आहे का, खालची चिकटवलेली कड पक्की आहे का, हे तपासून झालं की मग विचारायच्या, "बरं, लग्न कोणाचं आहे?" पत्रिका दुसऱ्या दिवशी कुठेतरी हरवायची. पाकीट मात्र सांभाळलं जायचं. माझ्या पुतण्याच्या लग्नाला त्या आल्या नाहीत, पण त्याचं पाकीट अजून कॉलेजच्या कपाटात आहे, आणि त्याच्या संसारापेक्षा नीट ठेवलेलं आहे.

कारंज्याच्या आमच्या कॉलेजात मॅडम वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि मी अर्थशास्त्र. त्यांच्या प्रयोगशाळेत दोन लोखंडी कपाटं होती. एकात सूक्ष्मदर्शक वगैरे सरकारी ऐवज, आणि दुसऱ्यात गणपतीची, कलशाची, चाँदताऱ्याची, बुद्धाची चित्रं छापलेली पाकिटं, खच्चून. प्रत्येक पाकिटात कुठल्या ना कुठल्या खेड्यातल्या पडक्या मातीच्या भिंतीतून निघालेलं गवत. काड्या, कुसळं, बिया. गावाचं नाव मागच्या बाजूला पेन्सिलीनं. पण मॅडम नमुन्यांना गावाच्या नावानं कधी ओळखायच्याच नाहीत. पाकिटावर वधूवरांची नावं आयती छापलेली असताना दुसरं नाव कशाला ठेवायचं, हा त्यांचा हिशेब. त्यामुळं आमच्या स्टाफरूममध्ये अशी वाक्यं कानावर पडायची: "सुनील-संगीतामध्ये मारवेल भरपूर आहे, पण अमोल-प्रियांकामध्ये एक काडी नाही. मला काळजी वाटते." नवीन आलेल्या इंग्रजीच्या मॅडमनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं होतं की शेख मॅडम सल्लाकेंद्र चालवतात का.

ही भिंतींची भानगड मला त्यांनी पहिल्यांदा सांगितली तेव्हा मी चहा पीत होतो. मातीची भिंत नुसत्या मातीची नसते. मातीत गवत, कुटार, शेण कालवून पायानं तुडवतात, मग भिंत उभी राहते. आणि भिंतीसाठी गवत कोणी परगावाहून आणत नाही, जवळच्या माळावरून कापून आणतात. "म्हणजे सर, भिंत काय आहे? त्या वर्षीच्या गवताचं लोणचं आहे. बरणी कोणी उघडली नाही, एवढंच." गावाभोवतीचं रान उजाड झालं, तिथं पूर्वी काय उगवत होतं हे आता कोणी छातीठोक सांगत नाही. भिंत सांगते. आणि रान पुन्हा उभं करायचं तर आधी काय होतं हे कळायला नको? हवा बदलली, पाऊस बदलला, मान्य. पण या जमिनीनं आधीही वाकडे पावसाळे काढले आहेत. ते कोणाच्या जोरावर काढले, तेवढं विचारायचं.

मी म्हणालो, "छान आहे." एवढंच म्हणालो. पण माझ्याकडे ओम्नी गाडी होती आणि मॅडमना गाडी चालवता येत नव्हती. त्या जगात फक्त क्लचला घाबरायच्या. पुढची बारा-तेरा वर्षं माझे रविवार कुठं गेले, हे माझ्या बायकोला विचारा.

बुटकी मूर्ती, जाड भिंगाचा चष्मा, ओढणी कमरेला बांधलेली, एका हातात पेचकस, दुसऱ्या हातात बादली. बादलीत चहाची गाळणी. ही गाळणी स्टाफरूममधून गेलेली होती आणि एकदा चुकून परतही आली होती. त्या दिवशीच्या चहाला प्राचार्य म्हणाले, आज आलं चांगलं पडलंय.

खेड्यात शिरल्यावर त्यांची भाषा बदलायची. कॉलेजातली पुस्तकी मराठी त्या गाडीतच ठेवून उतरायच्या. जुनं घर पाडून घरकुल बांधायला काढलेलं दिसलं की ओसरीवर फतकल मारून पहिला प्रश्न, "काहो, हे भित कोणाच्या लग्नाची?" घर कधी बांधलं असं विचारलं तर लोक डोकं खाजवतात. लग्न विचारलं की फटकन सांगतात. आत्याच्या लग्नाच्या वक्ताची. बुढ्याच्या दुसऱ्या लग्नाची. बहात्तरच्या दुष्काळाच्या आंधीची, पोरगी द्यायची होती म्हणून घाईनं उभी केली. मॅडमचा सगळा इतिहास असा लग्नांवर चालायचा, आणि मी अर्थशास्त्राचा माणूस असूनही सांगतो, तो सरकारी कागदापेक्षा कमी चुकायचा.

त्यांना भितवाल्या मॅडम हे नाव धनजकडच्या एका खेड्यात पडलं. पेचकस घेऊन एक बाई भिंती कोरते, तेही पडक्या, तेही जुन्या, तेही मास्तर लोकांसारखी गाडी घेऊन येते, याचा अर्थ आमच्याकडे एकच निघतो. गुप्तधन. आम्ही दुसऱ्यांदा त्या गावाला गेलो तेव्हा एका गृहस्थानं परसातली अख्खी भिंत आदल्या दिवशीच आडवी करून ठेवली होती. ढेकळांचा ढीग, त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर तो स्वतः बसलेला.

"मॅडम, मीनं कोणाले हात लावू देला नाई," तो हळूच म्हणाला. "जे निंघीन थे अर्धं तुमचं, अर्धं मायं."

मॅडम त्या ढिगाकडे बघून खरोखर हरखल्या. एवढी भिंत एकदम कोणी दिली नव्हती. त्यांनी बादलीत पाणी मागवलं, ढेकळं भिजवली आणि गाळणीत धुऊन धुऊन दुपारपर्यंत काड्या वेचल्या. तो बिचारा शेजारी उकिडवा बसून प्रत्येक काडीकडे आशेनं बघत होता. शेवटी मॅडमनी ओंजळभर गवताचे खरोखर दोन सारखे वाटे केले आणि एक त्याच्या पुढ्यात ठेवला.

"हे तुमचं. शेडा गवत आहे, असली. तुमच्या आज्याच्या बैलानं खाल्लेला."

त्यानं ते गवत उचलून उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाला, "अन् भित कोन बांधून देईन?" त्या भिंतीच्या जागी आम्ही पुढच्या रविवारी तारेचं कुंपण घालून दिलं. खड्डे मी खणले.

चुका त्याही करायच्या, आणि जोरदार करायच्या. मी मूळचा जऊळक्याचा. आमच्या काकांच्या गोठ्याच्या भिंतीतून एकदा टरबुजाच्या बिया निघाल्या, त्याही एका ओळीत. मॅडम आठ दिवस हवेत. नाल्याच्या वाळूत पूर्वी टरबुजाच्या वाड्या असणार, पाणी उन्हाळाभर टिकत असणार, असं त्यांनी मुलांना वर्गात सांगूनही टाकलं. मग काकांना विचारायला आम्ही मुद्दाम जऊळक्याला गेलो. काका भाकर खात होते. "थ्या बिया? अवो, भित ओली होती तवा आमी पोट्टे बोटानं दाबू एकेक. कोणाची ओळ सरळ येते, पैज राह्ये." मॅडम इतक्या हसल्या की काकूंनी पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन त्यांनी स्वतःच सांगितलं, मागचं टरबूज खोडून टाका.

हे मी मुद्दाम सांगतोय. पुढं जे झालं त्याच्याशी याचा संबंध आहे.

कामरगावहून फाट्यानं आत गेलं की मॅडमचं माहेर. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथला सरपंच गजूभाऊ माझ्याशी अजून बोलतो आणि मला ते तसंच राहायला हवं आहे. गावाच्या वरच्या अंगाला मोठा माळ आहे, गावाच्या मालकीचा, आमच्याकडे त्याला ई-क्लास म्हणतात. मुरूम, दगड आणि मध्ये मध्ये खुरटं काहीतरी. त्या माळावर दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर झाडं लावायचा कार्यक्रम होई. फोटो निघत. उन्हाळ्यात झाडं वाळत. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत नवी रोपं. खड्ड्यांना एवढी सवय झाली होती की ते स्वतःहून रुंद होत चालले होते. यंदा मशीन लावून सगळा माळच खणून काढायचा आणि सलग झाडं लावून टाकायची, असं गजूभाऊनं ठरवलं.

गजूभाऊ वाईट माणूस नाही. तरणा, उत्साही, आवाज मोठा. त्याला मनापासून वाटायचं की माळावर पूर्वी घनदाट जंगल होतं, आपण ते परत आणणार. त्याचा आजा सांगायचा, ढोर आत शिरलं तर दिसायचं नाही. आणि मॅडम दोन वर्षं सगळ्यांना सांगत होत्या की हा गवताचा माळ आहे, इथं झाडांचं जंगल कधीच नव्हतं, एकही खड्डा खणू नका. त्यांच्या तोंडचं 'कधीच' जरा जड होतं. मी तसं म्हणालोही होतो. पण त्या जिथं लहानाच्या मोठ्या झाल्या त्या गावाचा प्रश्न होता, तिथं माझं कोण ऐकणार.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. मी मागं, खांबाला टेकून.

"आपा, मार्चातच जीव चालला उन्हानं," गजूभाऊ म्हणाला. माहेरी मॅडम सगळ्यांच्याच आपा. "पानी येते त धो धो येते, नाई त महिनाभर तोंड दाखवत नाई. झाडं झाले त थंडावा होईन. याच्यात वाईट काय हाय?"

"वाईट काईच नाई. पण तथं वीतभर माती नाई, गजूभाऊ. झाड मरते अन् खड्डा राह्यते. गवत एका पान्यात उठते. पाऊस गेला त झोपते, आला त पुन्हा उठते. माती धरते, पानी मुरवते. मशीन लावली का थे मुळं बी जाईन, जे उरले सुरले हाये थे बी."

तेवढ्यात मंजुळाबाई उभी राहिली. मॅडमच्या वयाची, एकाच शाळेत पाटीवर गिरवलेली. पाच-सहा बकऱ्यांवर तिचं घर चालायचं आणि त्या बकऱ्या त्याच माळावर.

"हे झाडं म्हनते, तू गवत म्हनते. दोघंबी कुंपन घालसान. माया बकऱ्या कायले पायतीन मंग, तुमच्या तोंडाकडं?"

सभा हसली. मॅडम हसल्या नाहीत. "तुले अर्धा माळ उघडा ठेवू, मंजुळा. एक साल हा अर्धा, एक साल थो. पण आधी याइले पटलं पायजे."

"मंग दाखवा ना आपा," गजूभाऊ म्हणाला. "दुनियाभरच्या भिती फोडल्या तुमी. आमच्या गावची भित काय म्हन्ते?"

सगळ्यांच्या नजरा मॅडमकडे वळल्या. कारण गावात मातीची भिंत आता एकच उरली होती, आणि ती सगळ्यांना ठाऊक होती.

मॅडमच्या घराचा पुढचा भाग त्यांचा धाकटा भाऊ सलीमभाईनं कधीच सिमेंटचा केला होता. पुढं त्याचं चपलांचं दुकान. मागं मात्र आईच्या स्वयंपाकाची खोली तशीच होती. सलीमभाईला ती पाडून गोदाम काढायचं होतं आणि मॅडम त्याला वर्षानुवर्षं थांबवून होत्या. त्यांची अम्मी दर ईदेच्या आधी ती खोली लिपायची. लिपून झालं की चार बोटं ओल्या लिपणावरून फिरवून कमानी काढायची, एकीला लागून एक, चुलीमागच्या सगळ्या भिंतीवर. ती गेली त्या वर्षीच्या कमानी तिथं तशाच होत्या. मला त्या मॅडमनी एकदा दाखवल्या होत्या, पण हात लावू दिला नव्हता. सलीमभाई त्यांना माझ्यासमोर चिडवायचा, "आपा, दुनियाभर की भितां फोडती, अपनी की बारी आई तो दाँत बैठ गए?" आणि मॅडम विषय बदलायच्या. सगळ्यांकडे ढेकूळ मागणारी ही बाई स्वतःच्या घरचं एक ढेकूळ द्यायला तयार नव्हती, आणि खरं सांगतो, मला ते आवडायचं.

"चला," मॅडम म्हणाल्या.

अख्खी ग्रामसभा त्यांच्या मागोमाग गल्लीतून निघाली. चपलांच्या दुकानातून ओळीनं आत गेली, दोघांनी जाता जाता भावही विचारला. मागच्या अंगणात सगळे उभे राहिले. गजूभाऊनं पेचकस घेऊन कोपऱ्यात भिंत कोरली. नुसता भुसा सांडला. वाळवी. दाराजवळ कोरली, तिथंही वाळवीनं गवताची काडी ठेवलेली नव्हती. खिडकीखाली तेच. मॅडम ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. त्यांना माहीत होतं. वाळवी कुठं लागत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार. वर्षानुवर्षं जिथं धूर बसला तिथं.

"चुलीमागं पाहा," त्या म्हणाल्या.

सलीमभाई पुढं आला. इतकी वर्षं जो चिडवत होता, तोच म्हणाला, "आपा, रहने दे."

मॅडमनी गजूभाऊच्या हातातून पेचकस घेतला. अम्मीच्या कमानींवरून एकदा तळहात फिरवला, एकदाच. मग एका कमानीच्या मधोमध पेचकस ठेवला आणि टाचेनं ठोकला. मी दुसरीकडे बघितलं. आवाज मात्र ऐकू आला, आणि तो मोठा नव्हता.

परातीएवढा तुकडा निघाला. आतलं गवत पिवळं, जसंच्या तसं. बादली आली, पाणी आलं, गाळणी आली. मॅडमच्या हातांना एकदा काम मिळालं की त्या पुन्हा शेख मॅडम झाल्या. ही काडी मारवेल, याच्या पेरावर केसांचं कडं असते, पाहा. हा शेडा. ही तिखाडी, हिचं तेल काढत. गाव वाकून वाकून बघत होतं. मग त्यांनी एक कुसळ उचललं, काळसर, लांब शेपटीचं, कोरडं. ते मंजुळाबाईच्या तळहातावर ठेवलं आणि त्यावर पाण्याचा एक थेंब सोडला.

कुसळ फिरायला लागलं.

हळूहळू, घड्याळाच्या काट्यासारखं, स्वतःभोवती. मंजुळाबाईनं हात झटकला नाही, पण डोळे मोठे केले. "अवो माय! हे त जित्तं हाये!"

"जित्तं नाई. याची शेपटी पान्यानं उलगडते, अन् फिरता फिरता बी मातीत घुसोते. मेलं तरी सवय जात नाई त्याची." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "आपल्या दोघींच्या जन्माआंधी कापलं हे, मंजुळा. आपल्याच माळावर."

गजूभाऊसुद्धा गुडघ्यावर बसला होता. सभा मॅडमनी जिंकली होती. आता फक्त उठायचं, हात धुवायचे, चहा प्यायचा. माझं लक्ष चहाकडे लागलंही होतं. तेवढ्यात मॅडम गाळणीच्या तळाशी बोटानं काहीतरी ढवळायला लागल्या. काळे, चपटे, गुळगुळीत असे तीन-चार खडे होते. मला खडेच वाटले, कोणालाही वाटले असते. मॅडमनी एक ओढणीला पुसला, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ नेला आणि त्यांचा चेहरा तसा झाला जसा टरबुजाच्या वेळी काकांसमोर झाला होता. फक्त या वेळी हसू यायला जरा वेळ लागला.

"गजूभाऊ," त्या म्हणाल्या, "हे घ्या. हे तुमच्या आज्याचं."

"काय हाय?"

"टेंभुर्णीची बी. अन् हा पानाचा तुकडा पळसाचा. गवत माळाचं आहे, पण भितीची माती कुठून आनली असन? आपल्या नाल्यावरून. सगळं गाव तथूनच माती आने. म्हणजे नाल्याच्या काठानं झाडी होती. चांगली दाट असन. तुमचा आजा खोटा नोता. ढोर दिसत नोतं थे नाल्यावर. मी दोन सालापासून म्हनून राह्यली का एकबी झाड नोतं. थे चुकलं मायं."

गजूभाऊनं ती बी रुमालात बांधून खिशात घातली. आजा खरा ठरला म्हटल्यावर त्याचा आवाज एकदम लहान झाला. मशीन माळावर चढलं नाही. नाल्याच्या दोन्ही काठांना खड्डे झाले आणि त्यांत पळस, टेंभुर्णी, करंज लागले, आणि त्यातले बरेच जगले, कारण ते आपल्या जागी होते. माळाचा अर्धा भाग राखला, अर्धा मंजुळाबाईच्या बकऱ्यांना.

आता राखलेल्या अर्ध्या माळावर पेरायला जुन्या गवताचं बी हवं. भिंतीतलं बी उगवत नाही, ते फक्त साक्ष देतं. मॅडमनी आम्हाला, म्हणजे मला आणि सलीमभाईला, गावच्या कब्रस्तानात नेलं. म्हणजे त्या स्वतः बाहेरच थांबल्या. त्यांच्या गावात बायका आत जात नाहीत. दगडी कुंपणापलीकडं त्या उभ्या, आत आम्ही दोघं विळा आणि पिशवी घेऊन, आणि गुडघाभर गवत. तिथं कधी नांगर लागला नव्हता, कधी ढोर चरलं नव्हतं. माळावरून जे गेलं ते सगळं तिथं दडून बसलं होतं.

"डावीकडं, सर! थो तांबूस तुरा, थो शेडा! सलीम, तिखाडी अब्बाच्या पायथ्याशी असन, वास घेऊन पाह्य!"

सलीमभाईनं पातं चुरगळून वास घेतला आणि मान हलवली. मीही घेतला. लिंबासारखा, जरासा तुपाळ. मी तुरे खुडत होतो तेव्हा कुंपणापलीकडून मॅडमनी विचारलं, आणि हा प्रश्न त्यांनी कॉलेजच्या मराठीत विचारला, "सर, अब्बांच्या तिथं कसं आहे?"

"दाट आहे," मी म्हणालो.

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या.

भोक पडलेली खोली पावसात टिकणार नव्हती. मॅडमनी स्वतःच सलीमभाईला सांगितलं, पाड. पण माती कुठंही टाकू दिली नाही. अम्मीची सगळी खोली ट्रॅक्टरमध्ये भरून माळावर गेली. तिथं ती भिजवली, शेण घातलं, कब्रस्तानातलं बी घातलं, आणि गावच्या बायकांनी बसून लिंबाएवढे गोळे वळले. मुंग्या बी नेत नाहीत, वाहून जात नाही, पहिल्या पावसात गोळा विरघळतो आणि बी जागच्या जागी. मंजुळाबाई सगळ्यांत भराभर वळायची. दुपारी ते गोळे उन्हात वाळत पडले होते तेव्हा मी एक उचलून पाहिला. त्यावर चार बोटं उमटलेली होती. सगळ्यांवरच होती. मॅडमना दाखवावं असं मनात आलं, पण त्या बायकांमध्ये बसून कोणाच्या तरी सुनेच्या तक्रारी ऐकत होत्या आणि फार मजेत होत्या, म्हणून राहू दिलं.

पहिल्या वर्षी फक्त कुसळ आलं. गावात ज्याच्या त्याच्या पायजम्याला कुसळ, आणि जो तो भितवाल्या मॅडमच्या नावानं शंख करतोय. दुसऱ्या वर्षी पाऊस महिनाभर दडी मारून बसला, तेव्हा राखलेला भाग पिवळा पडला, झोपला, आणि पाऊस आला तसा पुन्हा उठला. मंजुळाबाईनं त्या वर्षी गवत कापून घरी रचलं. गजूभाऊ पाहुणे आले की त्यांना आधी माळावर नेतो आणि मग नाल्यावर, आणि नाल्यावर आज्याची गोष्ट सांगतो. दर वेळी झाडी थोडी वाढलेली असते, गोष्टीतली.

मॅडम मागच्या वर्षी निवृत्त झाल्या. मुलगा नागपूरला आहे, त्याच्याकडे जायचं ठरलं. निघायच्या दिवशी म्हणाल्या, "सर, एस.टी. मी कामरगावहून पकडते. आधी माळ पाहू." मी ओम्नी बाभळीखाली लावली. त्या गवतात शिरल्या, आणि बुटक्या असल्यानं थोड्या वेळानं फक्त ओढणी दिसायला लागली. हाक मारली तर हात वर व्हायचा. मीही आत गेलो. त्या तिखाडीचं पातं चुरगळत उभ्या होत्या.

एक गोष्ट मला बरेच दिवस विचारायची होती. "मॅडम, अम्मींच्या कमानींचा एखादा तुकडा तुम्ही बाजूला काढून ठेवलाच असणार. कोणत्या पाकिटात आहे?"

त्या हसल्या. "ठेवला होता. तुमच्या पुतण्याच्या."

"होता?"

"गोळे वळताना शेवटच्या घमेल्याला माती कमी पडली. पाकीट पर्समध्येच होतं. तुकडा टाकून दिला त्यात." हे त्या अगदी सहज म्हणाल्या. "एवढीशी माती पाकिटात ठेवून मी करणार काय होते, सर?"

"मग आता कुठं असेल तो?"

त्यांनी हातातल्या पात्यानं नाल्यापासून वरच्या बांधापर्यंत एक मोठी कमान काढली. "आता काय, कुठंबी."

कामरगावच्या थांब्यावर एस.टी. लगेच आली. त्यांची बादली, गाळणीसकट, मी वर चढवून दिली. त्यांच्या सलवारीला गुडघ्यापर्यंत कुसळं लागली होती, ओढणीलाही. मी म्हणालो, "मॅडम, झटका ते आधी. नागपूरपर्यंत रस्ताभर सांडत जाल."

खिडकीची जागा मिळवून त्यांनी डोकं बाहेर काढलं. "म्हणून त झटकलं नाई, सर," त्या म्हणाल्या, आणि कंडक्टरनं घंटी दिली.